नासार्श : शोथ ओसरला, पण वाढीचे काय?

प्रतिश्याय हा आपल्या बाह्यरुग्ण विभागातील नित्याचा व्याधी. तो जीर्ण झाला की नासार्शाचे रुग्णही दिसू लागतात. परंतु त्या मांसांकुराच्या आत काय घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

नासिकेच्या श्लेष्मल आवरणात रोमयुक्त पेशी, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी आणि तळाशी आधारपेशी असतात. वरच्या पेशी झिजल्या की आधारपेशी विभाजन पावून त्यांची जागा भरून काढतात. शोथ दीर्घकाळ टिकला की हा क्रम बिघडतो. आधारपेशींचा थर जाड होतो, रोमयुक्त पेशी उणावतात आणि स्राव साचू लागतो. २०१८ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की नासार्शातील आधारपेशी शोथाची जणू स्मृती जपतात. शरीराबाहेर वाढविल्या तरी हा बदल त्यांच्यात टिकून राहतो. शस्त्रकर्मानंतरही नासार्श पुनःपुन्हा का उद्भवतो, याचा काही उलगडा यातून होतो.

मात्र नासिकेतील प्रत्येक वाढ शोथजन्य नसते. हा धडा मला एका रुग्णाने दिला. पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी केवळ उजवी नाकपुडी बंद असल्याची तक्रार घेऊन आले. आत मांसांकुर दिसला. मी नासार्श असे निदान करून नस्य व आभ्यंतर चिकित्सा आरंभिली. स्राव घटला, रुग्ण संतुष्ट, मीही संतुष्ट. चौथ्या महिन्यात नाकातून रक्त आले, तेव्हा त्यांना नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. ऊतिपरीक्षणात ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ निघाला. यात आवरणाच्या पेशी आतील ऊतीत दुमडत वाढतात आणि काही रुग्णांत त्याचे रूपांतर कर्करोगात होते. सुदैवाने तसे झाले नव्हते; शस्त्रकर्माने ते बरे झाले. पण ते चार महिने मी वाया घालविले होते. लक्षण शमले, म्हणजे वाढ थांबली असे मी गृहीत धरले होते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३१ नासारोग सांगताना अर्श, शोफ व अर्बुद यांची गणना पृथक् केली आहे. हा भेद ग्रंथात वाचून मी परीक्षेत उत्तर लिहिले होते. रुग्णासमोर मात्र तो विसरलो.

तेव्हापासून एक नियम पाळतो. वाढ एकाच बाजूस असेल, रक्तस्राव होत असेल, गाल बधिर होत असेल किंवा दृष्टीत फरक पडला असेल, तर नस्यापूर्वी दुर्बिणीद्वारे तपासणी व सीटी स्कॅन, आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने ऊतिपरीक्षण. यात शास्त्राची मानहानी नाही. निदान आधी, चिकित्सा नंतर, हा क्रम आपल्याच आचार्यांनी घालून दिला आहे.