थांबलेल्या घोड्याचे दहा गुण

ड्रेसेज या अश्वारोहणाच्या प्रकारातल्या बहुतेक चाचण्या थांबण्याने सुरू होतात. स्वार ‘ए’ या अक्षरापाशी मैदानात शिरतो, मध्यरेषेवरून सरळ पुढे जातो, ‘एक्स’ या बिंदूवर घोडा उभा करतो आणि लगाम एका हातात घेऊन परीक्षकाला अभिवादन करतो. ‘एक्स’ जमिनीवर कुठेच लिहिलेला नसतो, तो मनातच धरायचा असतो. या एवढ्याशा कृतीला दहापैकी गुण मिळतात. घोडा थांबणं यात काय अवघड, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण परीक्षकाला चारही खूर एका आयताच्या चार कोपऱ्यांवर हवे असतात, वजन चौघांवर सारखं हवं असतं, मान स्थिर हवी असते, आणि लगाम ओढलेला दिसता कामा नये. हौशी स्वाराचा घोडा थांबतो तेव्हा बहुधा एक मागचा पाय मागेच राहतो, कंबर रेषेच्या बाहेर सरकते, डोकं वर जातं. कागदावर 5.5 गुण पडतात आणि शेजारी दोन शब्द येतात: चौरस नाही.

ते दोन शब्द काढून टाकायला महिने लागतात. हौशी स्वार त्यासाठीच कोच शोधतो.

ब्रिटन आणि अमेरिकेत अशा स्वारांची मोठी परंपरा आहे. आठवडाभर बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करायचं आणि शनिवार-रविवारी स्पर्धेला जायचं. अमेरिकेत तर प्रौढ हौशी स्वारांसाठी नियमच आहे: घोडा फिरवण्याचे किंवा शिकवण्याचे पैसे घेतले की तुम्ही हौशी राहत नाही. त्यांच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या चाचणीत घोडा फक्त चालतो आणि दुडकतो. मैदान 20 बाय 40 मीटरचं, कडेला अक्षरांचे फलक, ‘सी’पाशी परीक्षक आणि त्याचे शेरे भराभर उतरवून घेणारा लेखनिक. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, मध्ये अर्धे गुणही. सगळा कार्यक्रम पाचेक मिनिटांत आटोपतो. त्यात 20 मीटर व्यासाचं एक वर्तुळ असतं. मैदानाची रुंदीही तेवढीच, म्हणून ‘ए’कडचं वर्तुळ दोन्ही लांब बाजूंना एकेकदा टेकून बरोबर ‘एक्स’मधून गेलं पाहिजे. अंड्यासारखं वर्तुळ ‘सी’वर बसलेल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

हे सोपं का नाही, याचं पहिलं उत्तर घोड्याच्या हाडांत आहे. माणसाच्या खांद्याला छातीशी जोडणारं हासळीचं हाड असतं. घोड्याला ते नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. खांद्याच्या फऱ्यांमध्ये त्याची छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन या पुढच्या दोन पायांवर असतं. त्यात आपण पाठीवर बसतो, तेही मागच्या पायांपेक्षा पुढच्या पायांच्या जवळ. म्हणजे आधीच पुढे झुकलेल्या प्राण्याला आपण आणखी पुढे झुकवतो. ड्रेसेजचं वर्षानुवर्षांचं शिक्षण म्हणजे हा तोल परत मागे नेणं. मागचे पाय पोटाखाली अधिक आत पडावेत, त्यांचे सांधे वाकून भार घ्यावा, छातीची झोळी उचलली जावी आणि पाठ स्वाराला वर धरावी. जर्मन पद्धतीत या प्रवासाच्या सहा पायऱ्या सांगतात. पहिली लय. मग मोकळेपणा, तोंडाशी स्थिर संपर्क, मागून येणारा जोर, सरळपणा, आणि अगदी शेवटी तो उचललेला, आवरलेला तोल, ज्याच्या बळावर ऑलिम्पिकमधला घोडा जवळजवळ जागच्या जागी दुडकू शकतो. हौशी स्वाराची बरीच वर्षं पहिल्या तीन पायऱ्यांवर जातात. त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. चालण्याचे चार ठोके आणि दुडकीचे दोन ठोके पाच मिनिटं न बिघडता वाजत राहणं ही ऐकण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरं उत्तर अधिक विलक्षण आहे, आणि ते बर्लिनमधल्या एका घोड्याने दिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो म्हणून गाजला. प्रश्न विचारला की तो खुराने उत्तराइतके ठोके द्यायचा आणि थांबायचा. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने तपासणी केली, तेव्हा लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट या तरुण संशोधकाने पाठपुरावा केला. त्याला आढळलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. ठोक्यांची संख्या बरोबर आकड्यावर आली की विचारणाऱ्याचा ताण सुटायचा आणि त्याचं डोकं अगदी किंचित वर जायचं. हान्स ते वाचत होता. फॉन ऑस्टेनना आपण खूण करतो याची कल्पनाही नव्हती. फुंगस्टने 1907 मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं. मला त्यातला सर्वांत थरारक भाग हा वाटतो की रहस्य कळल्यावरही फुंगस्टला स्वतःच्या खुणा दाबता आल्या नाहीत.

हान्स तर समोर उभा राहून नुसता बघत होता. स्वार ज्या घोड्यावर बसतो त्याला बघायचीही गरज नसते. माशी बसली तरी जिथल्या तिथे थरथरणारी त्याची कातडी आणि तिच्यावर आपलं सगळं वजन. आपल्या दोन्ही बाजूंचा भार, मांडीची पकड, कोपराचा ताठरपणा, अडवलेला श्वास हे सगळं खोगिरातून खाली पोचतं. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना घोड्यासह एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चार वेळा जायला सांगितलं होतं. काहीजण घोड्यावर बसून गेले, काही लगाम धरून पायी. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. माणूस छत्रीला भ्यायला आणि घोडा माणसाच्या भीतीला.

आता कोच नेमकं काय करतो ते पाहा. आपल्याला वाटतं तो घोडा कसा चालवायचा ते सांगत असेल. तेही तो सांगतो. पण त्याचं बरंचसं काम स्वाराच्या शरीरातून नकळत बाहेर पडणाऱ्या या सूचना शोधून काढण्याचं असतं, कारण स्वाराला स्वतःला त्या जाणवत नाहीत. वर्षानुवर्षं एका बाजूवर भार देऊन बसणाऱ्याला तेच सरळ वाटतं. कोच येऊन त्याला खरोखर सरळ बसवतो, तेव्हा तो शपथेवर सांगतो की मी वाकडा झालोय. म्हणून कित्येक रिंगणांत भिंतीला मोठे आरसे लावलेले असतात. अमेरिकेतल्या सॅली स्विफ्ट यांना लहानपणापासून पाठीच्या कण्याचा बाक होता. स्वतःचं शरीर समजून घेता घेता त्यांनी श्वास, नजर आणि शरीराचा मध्य यांवर आधारलेली शिकवण्याची पद्धत घडवली आणि 1985 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नजर एका बिंदूवर रोखू नका, पसरू द्या, हे त्यांचं सांगणं आज असंख्य कोचांच्या तोंडी आहे. नजर पसरली की मानेचा ताठरपणा जातो, मान सुटली की पाठ सुटते, आणि दोन पावलांत घोड्याची पाठही सुटते.

पाऊण तासाचा धडा बाहेरून ऐकला तर एकसुरी वाटेल. नजर वर. श्वास सोड. आतला पाय. बाहेरचा लगाम. पुन्हा श्वास. आतल्या पायाने घोड्याचा मागचा पाय पुढे मागायचा आणि तो जोर बाहेरच्या लगामात झेलायचा, ही ड्रेसेजची बाराखडी. नवशिक्याचा हात मात्र हटकून आतल्या लगामावर जातो, कारण वळायच्या दिशेला ओढावं असं माणसाला उपजतच वाटतं. मग ‘हाफ हॉल्ट’: एका क्षणापुरती पाठ आणि पोट स्थिर करून घोड्याला ‘काहीतरी येतंय, तोल सांभाळ’ असं सांगायचं आणि लगेच सोडून द्यायचं. अवघड आहे ते सोडणं. दाब दिल्याने घोडा शिकत नाही, दाब ज्या क्षणी काढून घेतला तो क्षण त्याच्या लक्षात राहतो. उत्तर आल्यानंतर दोन सेकंदांनी हात सैल केला, तर त्या दोन सेकंदांत त्याने जे केलं तेच बरोबर असं तो समजतो. चांगल्या कोचाचा ‘आता’ हा शब्द म्हणून इतका मोलाचा. तो घोड्याच्या पाठीत, कानांत, तोंडात होणारा बदल स्वाराच्या आधी पाहतो आणि बरोबर त्या पावलाला बोलतो.

आणि सगळ्याच्या मुळाशी मांड. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवा उमेदवार दीर्घकाळ लांब दोरीवरच्या घोड्यावर बसतो. हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. घोड्याला मध्ये उभा असलेला शिक्षक चालवतो. उमेदवाराने फक्त त्या पाठीबरोबर हलायला शिकायचं. हौशी स्वारांना हे कंटाळवाणं वाटतं, पण कोचाने दोरीवरचे चार धडे सुचवले तर ते जरूर घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

मांड काय करू शकते ते 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिलं. तोवर ऑलिम्पिक ड्रेसेज फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं. त्या वर्षी ते प्रथमच इतरांना आणि स्त्रियांना खुलं झालं, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक जिंकलं. 1944 मध्ये त्यांना पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पायांत शक्ती नव्हती, घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची. ज्या पायांनी स्वार घोड्याला सूचना देतात ते पाय गप्प होते. ज्युबिली ही घोडी त्यांची पाठ आणि त्यांचा तोल ऐकून चालत होती. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं.

स्पर्धेच्या दिवशी कोच गप्प. बाहेरून एक सूचना दिली तरी स्वार बाद होऊ शकतो. हौशी पातळीवर चाचणी मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस मैदानाबाहेर उभा राहू शकतो, पण त्याने छापील शब्दांपलीकडे काही बोलायचं नाही. स्वारानेही तोंडाने चुचकारून घोड्याला पुढे काढलं तर गुण जातात. नंतर हातात येतो तो परीक्षकाचा कागद, आणि तो टक्केवारीपेक्षा मोलाचा असतो. कोच तो ओळीने वाचतो, ‘ताठर’ हा शेरा कुठे कुठे आलाय ते पाहतो आणि पुढचा धडा तिथून सुरू करतो.

कोच, स्वार आणि घोडा यांच्या नात्याची काळी बाजूही सांगायला हवी. 2014 मध्ये व्हॅलेग्रो या घोड्यावर 94.300 टक्क्यांचा विक्रम करणाऱ्या ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिन यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून ऐनवेळी माघार घेतली. शिकवताना विद्यार्थ्याच्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने वारंवार मारतानाचं त्यांचं जुनं चित्रण बाहेर आलं होतं. त्यांनी चूक कबूल केली आणि त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. ग्रीसच्या झेनोफोनने दोन हजार वर्षांहून आधी अश्वविद्येवर लिहिताना जबरदस्तीने काढलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं असं बजावलं होतं. एवढं जुनं ज्ञान असूनही मोठ्या नावाच्या कोचाकडून हे घडू शकतं.

आपल्याकडे हा खेळ लहान आहे, पण कोरा नाही. 2023 मध्ये हांगझो इथल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. अश्वारोहणातलं भारताचं आधीचं सुवर्ण 1982 च्या दिल्लीतलं. अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवलं आणि 2024 मध्ये तो ऑलिम्पिक ड्रेसेजमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. तो जर्मनीत ह्युबर्टस श्मिट यांच्याकडे शिकला. चांगल्या कोचासाठी घर सोडून दुसऱ्या खंडात राहावं लागतं, ही आपल्या स्वारांची आजची परिस्थिती आहे.

तुम्हाला किंवा तुमच्या मुलीला घोड्यावर बसायचं असेल, तर फी विचारण्याआधी त्या कोचाचा एक पूर्ण धडा कडेला उभं राहून पाहा. स्वाराकडे थोडा वेळ आणि घोड्याकडे जास्त वेळ. शेपूट सैल आहे की सारखी आपटतेय, तोंड शांत आहे की उघडून जबडा आवळतोय, धडा संपताना मान आपोआप खाली लांब होते का, ते बघा. कोच ‘ओढ’ किती वेळा म्हणतो आणि ‘सोड’ किती वेळा, तेही मोजा. पहिला आकडा मोठा निघाला, तर दुसरा कोच शोधा.