विश्लेषण : कार्टूनच तर आहे, मग ‘यूए’ कशाला? मुलांसोबत अ‍ॅनिमेशनपट पाहण्याआधी काय तपासावे?

सुट्टीतला शनिवार. घरात अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा तिचा भाऊ आणि ‘मीही येते’ म्हणणारी आजी. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा मानपाडा असो की डोंबिवलीत कल्याण-शिळ रस्त्यावरचा मानपाडा, अशा घरात सिनेमा ठरवताना पहिला पर्याय बहुतेक वेळा प्राण्यांच्या साहसाचा अ‍ॅनिमेशनपट असतो. मोठ्यांचे चित्रपट नकोत, कार्टून सगळ्यांना चालेल, हा हिशेब. मग तिकिटाच्या अ‍ॅपवर पोस्टरखाली ‘यूए ७+’ दिसते आणि बोट थबकते. चार वर्षांच्या मुलाला आत सोडतील का? सोडले, तरी न्यावे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्याचे नाही.

‘यूए ७+’ म्हणजे नेमके काय?

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे बोलीभाषेतले सेन्सॉर बोर्ड, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र देते. ‘यू’ सर्वांसाठी आणि ‘ए’ फक्त प्रौढांसाठी, या दोन वर्गांत १९८३ मध्ये ‘यूए’ आणि विशिष्ट प्रेक्षकवर्गासाठीच्या ‘एस’ची भर पडली. त्या वेळच्या ‘यूए’चा अर्थ होता, १२ वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. पाच वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल एकाच डब्यात.

२०२३ च्या दुरुस्तीने हा डबा तीन भागांत विभागला : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. मात्र हे तिन्ही वर्ग सल्ल्याचे आहेत, बंदीचे नाहीत. यूए ७+ म्हणजे सात वर्षांखालील मुलाला दाखवायचे की नाही, हे पालकांनी ठरवायचे. दारावर अडवले जाते ते ‘ए’ चित्रपटाला, १८ वर्षांखालील प्रेक्षकाला. थोडक्यात, धाकट्याला आत सोडतील. आणि वय तीनच्या पुढे असेल तर मल्टिप्लेक्समध्ये त्याचे पूर्ण तिकीटही लागेल.

‘द जंगल बुक’ला ‘यूए’ का मिळाले होते?

या विषयावरचा भारतातला गाजलेला वाद २०१६ चा आहे. जॉन फॅव्हरो दिग्दर्शित ‘द जंगल बुक’ भारतात ८ एप्रिल २०१६ ला, म्हणजे अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला. मोगलीचे काम करणारा नील सेठी सोडला तर वाघ, अस्वल, पाऊस, झाडे हे जवळपास सगळे संगणकावर तयार झालेले. त्यामुळे याला अ‍ॅनिमेशनपट म्हणायचे की नाही यावर आजही मतभेद आहेत. घरी मुले त्याला कार्टूनच म्हणतात.

मंडळाने चित्रपटाला ‘यूए’ दिले आणि समाजमाध्यमांवर खिल्लीचा पूर आला. लहानपणी दूरदर्शनवर मोगली पाहिलेल्या पिढीला हे हास्यास्पद वाटले. तत्कालीन अध्यक्ष पहलाज निहलानी यांचे म्हणणे होते की थ्रीडीमध्ये प्राणी प्रेक्षकांच्या अंगावर आल्यासारखे वाटतात आणि लहान मुले घाबरतील. अमेरिकेतही चित्रपटाला ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाचा शेरा होता, हे त्या गदारोळात मागे पडले. चित्रपटाचे काही बिघडले नाही. त्या वेळी भारतात सर्वाधिक कमाई करणारा हॉलिवूडपट तोच ठरला.

मंडळाच्या अनेक निर्णयांवर टीका व्हावी अशीच स्थिती असते. या एका निर्णयात मात्र तथ्य होते.

मग तो लहानांना दाखवावा का?

चित्रपट १०६ मिनिटांचा आहे. रक्त फारसे दिसत नाही, आक्षेपार्ह भाषा नाही. प्रमाणपत्राच्या नजरेने पाहिले तर ‘स्वच्छ’. पण चार वर्षांच्या मुलाच्या खुर्चीत बसून पाहिले तर चित्र बदलते.

दुष्काळात सगळे प्राणी भांडण विसरून एका पाणवठ्यावर जमतात आणि तिथे शेरखान येतो. जवळून दिसणारा चेहरा, भाजलेला डोळा. पुढे तो लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला कड्यावरून फेकून देतो. हे इतके अचानक घडते की शेजारी बसलेल्या आईला डोळ्यांवर हात ठेवायला वेळ मिळत नाही. धुक्यात, अंधारात विळखा घालणारा ‘का’ अजगर आहे. पडक्या देवळात मोगलीचा पाठलाग करणारा महाकाय किंग लुई आहे आणि त्याच्या धडकांनी कोसळणारे खांब आहेत. शेवट पेटत्या जंगलात होतो.

अकरा वर्षांच्या मुलीला यातले बरेचसे मजेचे वाटेल. तिला टोचणारी जागा वेगळी असेल. शेरखान लांडग्यांच्या पिल्लांना जवळ बसवून, आवाज न चढवता, कोकिळेची गोष्ट सांगतो आणि त्यांची आई रक्षा ते ऐकत उभी असते. तिथे डरकाळी नाही, पंजा नाही. धाकट्याला त्यात काहीच दिसणार नाही. थोरलीला धमकी कळेल. मोगलीच्या वडिलांना कोणी मारले, हे उलगडते तेव्हाही तेच.

हा फरक संशोधनातही दिसतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअ‍ॅन कँटर यांनी मुले आणि पडद्यावरची भीती यावर अनेक वर्षे काम केले. शाळेत जाण्याआधीच्या वयातली मुले प्रामुख्याने ‘दिसण्याला’ घाबरतात : अक्राळविक्राळ चेहरा, अचानक बदलणारे रूप. मोठी मुले प्रत्यक्षात घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतात : अपघात, आई-वडील गमावणे. म्हणूनच ‘ते खरे नाही रे’ ही समजूत चार वर्षांच्या मुलाला फारशी पटत नाही. त्या वयात मांडीवर घेणे, हात धरणे, थोडा वेळ बाहेर नेणे हे जास्त उपयोगी पडते.

तेव्हा या घरासाठी निकाल असा : थोरलीला मोठ्या पडद्यावर, थ्रीडीतही जरूर. धाकट्याला थ्रीडीत नको. तोच चित्रपट घरी टीव्हीवर, दिवसाउजेडी, आवाज कमी करून आणि रिमोट मोठ्यांच्या हातात ठेवून चालू शकेल. त्याच्यासाठी आणखी सोपा पर्याय १९६७ च्या डिस्नेच्या ‘जंगल बुक’चा. हाताने काढलेली चित्रे, ७८ मिनिटे आणि वाघाच्या क्रौर्यापेक्षा अस्वलाची मस्ती जास्त.

ओळखीची गोष्ट असली तर?

जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘महावतार नरसिंह’ने हा प्रश्न देशी कथेसह समोर आणला. प्रल्हादाची गोष्ट घराघरात माहीत, त्यामुळे आजी-आजोबांसह कुटुंबेच्या कुटुंबे चित्रपटगृहात गेली. पण गोष्ट माहीत असणे आणि चित्र माहीत असणे यात अंतर आहे. उंबरठ्यावर हिरण्यकशिपूचे पोट फाडले गेले, हे आजीने झोपताना शंभरदा सांगितलेले असते आणि नातू निवांत झोपतोही. कारण ऐकताना मूल आपल्याला झेपेल तेवढेच मनात रंगवते. पडद्यावर किती दाखवायचे, किती वेळ आणि किती आवाजात, हे दिग्दर्शक ठरवतो. त्यामुळे पौराणिक आहे, संस्काराचे आहे, एवढ्यावर वयाचा आकडा नजरेआड करू नये.

उलटही होते. ‘फाइंडिंग नीमो’ रंगीत माशांचा, पोस्टर हसरे. पण सुरुवातीच्या काही मिनिटांतच नीमोची आई जाते. उशिरा पोहोचलेल्या कुटुंबाला ते कळतही नाही, ही त्यातली गंमत.

भाषा कोणती निवडावी?

मुले इंग्रजी शाळेतली, आजी मराठी. मोठ्या पडद्यावर मराठीतले अ‍ॅनिमेशनपट मोजकेच आले; २०१८ चा ‘प्रभो शिवाजी राजा’ त्यापैकी एक. त्यामुळे तडजोड हिंदीवर होते आणि ती वाईट नाही. ‘द जंगल बुक’च्या हिंदी आवृत्तीत बल्लूला इरफान खान यांचा, बघीराला ओम पुरी यांचा आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज आहे. दूरदर्शनवरच्या मालिकेतल्या शेरखानलाही नानांचाच आवाज होता, त्यामुळे आज चाळिशीत असलेले आई-बाबा तो ऐकून खूश होतात. धाकट्याला मात्र ती आठवण नाही, त्याच्यासाठी तो फक्त वाघाचा आवाज आहे.

ओटीटी आणि सोसायटीचा प्रोजेक्टर

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरही यू/ए ७+, १३+, १६+ असे वर्ग आहेत. तिथे ते मंच स्वतःच ठरवतात आणि हिंसा, भीती, भाषा यांपैकी कशासाठी हा वर्ग दिला, ते सुरुवातीला दाखवतात. तिकिटाच्या अ‍ॅपवरच्या नुसत्या आकड्यापेक्षा ही ओळ अधिक उपयोगाची; चित्रपटगृहात जाण्याआधी त्याच मालिकेतला जुना भाग ओटीटीवर उघडून ती वाचता येते. लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे पालकांसाठीच्या लॉकची सक्ती १३+ पासून पुढे आहे. ७+ चा चित्रपट मुलाच्या हातातल्या मोबाइलवर सहज सुरू होऊ शकतो. त्यासाठी मुलांचे वेगळे प्रोफाइल हाच उपाय.

सुट्टीत सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवण्याची टूम निघते, तिथे दोन अडचणी येतात. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, जाहीर खेळासाठी वेगळी परवानगी लागते. आणि चाळीस मुलांत तीन वर्षांचेही असते, तेराचेही. अशा वेळी सर्वांत लहान मुलाच्या वयाने चित्रपट निवडावा, किंवा लहानांचा खेळ आधी ठेवून त्यांना घरी पाठवावे.

चित्रपटगृहातच जायचे ठरले तर दुपारचा खेळ बरा. १०६ मिनिटांत जाहिराती, मध्यंतर आणि घोडबंदर रोडची संध्याकाळची कोंडी मिळवली की चार तास होतात, आणि दमलेले मूल लवकर घाबरते. जागा पुढच्या रांगेत नको, रांगेच्या टोकाची घ्यावी. धाकटा रडायला लागलाच तर आजीला आणि थोरलीला न उठवता एकाला त्याला बाहेर नेता येते.