वादी तुटली म्हणून मोजा टाकू नका

बेसबॉल हा खेळ अमेरिकेचा. त्याचा धाकटा भाऊ सॉफ्टबॉल; तोही तिकडचाच. १८८७ साली शिकागो शहरात जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने मुष्टियुद्धाचा एक हातमोजा त्याच्याच नाडीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि बंद दालनातच खेळ सुरू झाला. तोच पुढे सॉफ्टबॉल झाला. आज हे दोन्ही खेळ आपल्या महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांत खेळले जातात. खेळ आला, त्याच्याबरोबर चामड्याचा भला मोठा हातमोजाही आला.

हा मोजा स्वस्त नसतो. मैदानात क्षेत्ररक्षणाला नऊ जण उभे राहतात, आणि शाळेच्या पेटीत मोजे असतात मोजकेच. त्यातले दोन तुटले की काय होते? ज्या मुलीचे वडील नवा मोजा घेऊन देऊ शकतात, ती खेळते. ज्यांना ते जमत नाही, त्यांची मुलगी बाहेर बसते. आणि खरे सांगायचे तर, टाकून दिलेल्या पुष्कळशा मोज्यांचे चामडे धडधाकट असते. तुटलेली असते ती फक्त वादी.

पूर्वी हा मोजा एवढा मोठा नव्हता. १८७०च्या सुमारास खेळाडू उघड्या हातांनीच चेंडू झेलत. ज्यांनी आरंभी मोजे घातले, त्यांचे मोजे बोटे कापलेले, साधे आणि पातळ असत, आणि ते घालायची लाजही वाटे. १९१९ साली बिल डोक या गोलंदाजाने सुचवले की अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये वाद्यांची जाळी विणावी. त्या जाळीने मोज्याचे रूपच पालटले. तोवर मोजा म्हणजे हाताचे नुसते चिलखत होते. आता तो चेंडू पकडण्याचे साधन झाला.

असे का होते, ते समजून घेऊ. सॉफ्टबॉलचा चेंडू नावालाच मऊ, बरं का! त्याचा घेर १२ इंच आणि वजन पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या दरम्यान. असा चेंडू वेगाने येऊन हातावर एकदम थांबला, तर सगळा मार तळहातावर बसतो. तोच जाळीत शिरला, तर जाळी थोडी ताणली जाते, मागे सरते, आणि चेंडूला थांबायला किंचित जास्त वेळ व जास्त अंतर मिळते. वेळ वाढला की मार कमी होतो. वादी सैल झाली की हे गणित बिघडते. चेंडू बोटांच्या फटीतून निसटतो, आणि त्याच्या मागे बहुधा खेळणाऱ्याचे तोंड असते. म्हणून सैल वादीकडे काणाडोळा करू नये.

आता दुरुस्तीकडे वळू. मोज्यात वाद्या मुख्यतः तीन ठिकाणी असतात : जाळीत, बोटांच्या शेंड्यांवरून, आणि मनगटाजवळच्या टाचेत. मोजा हातात घालून उजेडासमोर धरा. जिथे दोन बोटांमध्ये नको तेवढी फट दिसेल, जिथे वादी काळी पडून तडकलेली असेल, तिथे खूण करा.

सामान थोडे लागते. चामड्याची नवी वादी, दीड सूत म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर रुंद. बोथट टोकाचा टोचा. पातळ तारेचा एक तुकडा. आणि धारदार कात्री. वादी बोटाभोवती गुंडाळून पाहा. पृष्ठभागाला चिरा पडल्या तर ती घेऊ नका. क्रीडासाहित्याच्या दुकानात अशी वादी मिळाली नाही, तर चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून कापून घ्या. नायलॉनची दोरी मात्र वापरू नका. ती बारीक आणि कठीण असते. ओढ बसली की भोकाची कड करवतीसारखी कापत जाते. चार आण्यांच्या वादीपायी रुपयाचे चामडे जायचे!

पहिला नियम : सगळ्या वाद्या एकदम काढू नका. एक काढा, ती ओवा, मग दुसरीला हात घाला. काढण्यापूर्वी वादीचा मार्ग कागदावर उतरवून घ्या, किंवा मोबाइलवर दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा. काढलेली जुनी वादी मोजा आणि नवी तिच्यापेक्षा वीतभर लांब घ्या. गाठीला तेवढी लागतेच.

नव्या वादीचे एक टोक तिरपे कापून निमुळते करा. तार दुमडून तिचा फासा करा, तो भोकातून पलीकडे काढा, फाशात वादीचे टोक अडकवा आणि तार हळूच मागे ओढा. सुई नसली तरी काम भागते. भोक आक्रसले असेल, तर टोचा फिरवून मोकळे करा. नवे भोक पाडू नका. वादीची गुळगुळीत बाजू वर राहील, मध्ये पीळ पडणार नाही, याकडे लक्ष असू द्या.

सबंध वादी आधी सैलसर ओवून घ्यावी. मग पहिल्या गाठीपासून सुरुवात करून एकेक टप्पा आवळत शेवटापर्यंत यावे, जसा बाजेचा नवार ताणतात तसा. एकदम शेवटचे टोक ओढले, तर शेवट घट्ट आणि मधला भाग ढिला राहतो. मोजा हातात घालून मिटून पाहावा. बोटे जवळ येत नसतील, तर वादी फार आवळली आहे. गाठ जुनी होती तिथेच, पण झेलायच्या बाजूला कधीही नाही.

भोकच फाटले असेल, तर आतून चामड्याचे लहान ठिगळ लावून, मेण चोळलेल्या जाड दोऱ्याने दाभणाने शिवून घ्या आणि त्या ठिगळातून वादी काढा. हे काम हाताला जड वाटले, तर गावातल्या कारागिराकडे द्या. त्याची नजर आपल्यापेक्षा अधिक पक्की असते.

शेवटी निगा. चामड्याच्या तंतूंमधली स्निग्धता गेली की ते एकमेकांवर घासून तुटतात. म्हणून ओलसर फडक्याने धूळ पुसून, मोजा सुकल्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवावा. तेलात भिजवू नये. मोजा जड होतो आणि लिबलिबीत पडतो. पावसात भिजला तर सावलीत वाळवावा, चुलीपाशी किंवा उन्हात नाही. ठेवताना आत एक चेंडू घालावा, म्हणजे खळगा मोडत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हे काम शिपायाला किंवा दुकानदाराला सांगण्याऐवजी कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींकडून करून घ्या. आपल्या हाताने ओवलेला मोजा कोणी मैदानात भिरकावून देत नाही. आणि पेटीत एक मोजा वाढला, की बाहेर बसलेली एक मुलगी आत येते. वर्षाच्या सुरुवातीला एक तास त्यासाठी काढाच.