सुरू केलाच आहे, तर पुरा करतो

आमच्या घरात प्रश्न विचारण्याचा मान आईकडे होता. प्राथमिक शाळेत तिची पस्तीस वर्षे गेलेली. जेवताना पाढे, अंथरुणे घालताना नद्यांचे उगम, देवळात जाता-येता पुराणातली नाती, असे तिचे प्रश्न सतत चालायचे. १९९८ मध्ये बीबीसी वर्ल्ड वाहिनीवर सिद्धार्थ बसूंचा ‘मास्टरमाइंड इंडिया’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ती नुकतीच निवृत्त झाली होती. तिचे इंग्रजी बेताचेच. पण इतिहास-भूगोलाचा प्रश्न आला, की बसूंचे वाक्य संपायच्या आत तिचे उत्तर तयार असे. बाबा हसून म्हणत, ‘‘अगं, त्यांचा प्रश्न तरी पुरा होऊ दे!’’

अंधारलेले सभागृह, मधोमध एकच काळी खुर्ची, तिच्यावर प्रकाशाचा झोत आणि काळजाचा ठोका वाढवणारे ते संगीत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो कार्यक्रम मूळचा ब्रिटनचा. तिथे तो सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे, त्या खुर्चीसमोर बसून प्रश्न विचारणारा माणूस एकच होता. त्याचे नाव मॅग्नस मॅग्नसन.

स्कॉटलंडचा हा लाडका निवेदक जन्माने मात्र स्कॉटिश नव्हता. त्याचा जन्म १९२९ मध्ये आइसलँडच्या रेक्याविक शहरात झाला. वडील आइसलँडच्या सहकारी संस्थांच्या व्यापाराचे काम पाहायला एडिंबराला आले, तेव्हा हे बाळ जेमतेम नऊ महिन्यांचे होते. आइसलँडमध्ये आडनावे नसतात. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते. वडील सिगुरस्टेन, म्हणून मुलगा खरे तर मॅग्नस सिगुरस्टेनसन. पण ब्रिटनमध्ये आडनावावाचून चालेना, तेव्हा वडिलांचे ‘मॅग्नसन’ हेच साऱ्या कुटुंबाचे आडनाव होऊन बसले. स्वतःच्या नावामागे वडिलांचे नाव लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली गंमत चटकन कळावी. मॅग्नसनने सारे आयुष्य स्कॉटलंडमध्ये काढले, पण आइसलँडचे नागरिकत्व कधी सोडले नाही. म्हणूनच १९८९ मध्ये ब्रिटनने त्याला ‘नाइट’ केले ते मानद स्वरूपाचे.

एडिंबरात शाळा, ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याचे शिक्षण आणि मग परत येऊन ‘स्कॉटिश डेली एक्स्प्रेस’ व ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्रांत पत्रकारिता, असा त्याचा प्रवास झाला. बातम्या लिहिता लिहिता हा गृहस्थ दुसरेही एक काम करीत होता. हर्मन पॉलसन या विद्वानाच्या जोडीने तो आइसलँडच्या मध्ययुगीन गाथा इंग्रजीत आणत होता. त्यांची ‘न्यालची गाथा’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. नोबेल पुरस्कार मिळवणाऱ्या हॅल्डोर लॅक्सनेस यांच्या कादंबऱ्यांचेही अनुवाद त्याने केले. १९६४ मध्ये तो बीबीसीच्या ‘टुनाइट’मध्ये दाखल झाला आणि पुढे ‘क्रॉनिकल’ या कार्यक्रमातून त्याने पुरातत्त्वासारखा रुक्ष वाटणारा विषय घराघरांत नेला. म्हणजे काळ्या खुर्चीसमोर तो बसला, तेव्हा हातातल्या कागदावरचे प्रश्न नुसते वाचून दाखवणारा तो माणूस नव्हता. ज्ञान मिळवायला किती कष्ट पडतात, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

या खुर्चीची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. कार्यक्रमाचे जनक बिल राइट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. ते जर्मनांच्या हाती सापडले आणि गेस्टापोने त्यांची कसून चौकशी केली. अशा वेळी युद्धकैद्याने फक्त तीन गोष्टी सांगायच्या : नाव, हुद्दा आणि क्रमांक. पुढे बीबीसीत निर्माता झाल्यावर त्या भयातूनच राइट यांना क्विझची कल्पना सुचली. नाव, हुद्दा, क्रमांक यांच्या जागी नाव, व्यवसाय आणि अभ्यासाचा विषय आले. अंधार, झोत आणि एकटी खुर्ची मात्र तशीच राहिली.

मूळ कल्पनाच अशी उलटतपासणीची. मग ती पाहताना प्रेक्षकाला छळ पाहिल्यासारखे का वाटले नाही? मला वाटते, याचे श्रेय मॅग्नसनच्या विचारण्याच्या पद्धतीला द्यायला हवे. तो प्रश्न झपाट्याने विचारी, पण स्वर करडा नसे. उत्तर चुकले तर टोमणा न मारता बरोबर उत्तर सांगून पुढे जाई. येत नसेल तर सरळ ‘पास’ म्हणावे. त्यात कमीपणा नव्हता. फेरी संपली, की सोडलेल्या प्रश्नांची उत्तरे तो शांतपणे सांगत असे. आणि प्रश्न विचारता विचारता वेळ संपल्याचा इशारा वाजला, तर तो म्हणे, ‘‘सुरू केलाच आहे, तर पुरा करतो.’’ हे वाक्य पुढे इंग्रजी बोलण्यात म्हणीसारखे रुळले. वरवर पाहता तो एक साधा नियम. पण त्यामागे सभ्यपणा होता : समोरच्याला अर्ध्यावर सोडायचे नाही.

म्हणून त्या खुर्चीत बसायला सर्व थरांतली माणसे आली. पहिल्या तीन वर्षांच्या विजेत्या स्त्रिया होत्या. १९८० मध्ये लंडनचा टॅक्सीचालक फ्रेड हाउसगो जिंकला आणि १९८३ मध्ये भुयारी रेल्वेचा चालक ख्रिस्टोफर ह्यूज. ज्ञान ही पदवीधरांची मिरासदारी नाही, हे कोणतेही भाषण न ठोकता या कार्यक्रमाने दाखवून दिले.

मॅग्नसनच्या घरातले दिवस मात्र सारे उजेडाचे नव्हते. पत्नी मेमी बेर्ड ही स्वतः नावाजलेली पत्रकार. १९५४ मध्ये लग्न झाले आणि पाच मुलांनी घर भरले. ‘मास्टरमाइंड’ गाजू लागले त्याच सुमारास, १९७३ मध्ये, शाळकरी वयाचा मुलगा सिगी रस्त्यावरच्या अपघातात गेला. बाप पुन्हा त्या झोतासमोर जाऊन बसला आणि चोवीस वर्षे बसत राहिला. १९९७ मध्ये ऑर्कनी बेटांवरच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये त्याच्या कारकिर्दीतली शेवटची अंतिम फेरी झाली. निरोपाची भेट म्हणून ती काळी खुर्चीच त्याला मिळाली. कर्करोगाने ७ जानेवारी २००७ रोजी त्याचे निधन झाले.

कथा इथे संपायला हरकत नव्हती. पण मला ती कळली ती पुढच्या भागामुळे. पंचवीस वर्षे लोकांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेणाऱ्या या माणसाच्या घरात स्मृतिभ्रंश शिरला. मेमीची आठवण हळूहळू पुसली जाऊ लागली. थोरली मुलगी सॅली हीसुद्धा निवेदिका. १९९८ पासून पाव शतकाहून अधिक काळ तिने बीबीसीवर स्कॉटलंडच्या बातम्या दिल्या. आईची शेवटची वर्षे बहिणींच्या साथीने तिने जवळून पाहिली. शब्द हरवत चाललेली आई गाणे मात्र म्हणू शकते, गाण्यात ती पुन्हा ‘आपली’ होते, हे त्यांच्या ध्यानात आले. मेमी २०१२ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी सॅलीने ‘प्लेलिस्ट फॉर लाइफ’ ही संस्था काढली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी त्याच्या आयुष्यातली, त्याची स्वतःची गाणी शोधून ती त्याला ऐकवायची, एवढेच तिचे साधे काम. आईवरचे तिचे पुस्तक २०१४ मध्ये आले.

हे सारे मी वाचले तेव्हा आमच्या आईचा आजार तिसऱ्या वर्षात होता. आणि आम्ही काय करत होतो? तिच्यासमोर खुर्ची ओढून प्रश्न विचारत होतो. ‘‘आई, ओळखलंस का मला?’’ ‘‘सांग बघू, आज वार कोणता?’’ ‘‘नातवाचं नाव काय?’’ प्रेमानेच विचारत होतो; पण ती कावरीबावरी होई, पदराशी चाळा करी आणि शेवटी म्हणे, ‘‘असशील हो कोणीतरी आपल्यातलाच.’’ पस्तीस वर्षे दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या बाईला आम्ही रोज नापास करत होतो. ‘पास’ म्हणण्याची मुभासुद्धा आम्ही तिला ठेवली नव्हती.

आम्ही प्रश्न थांबवले. आई गेल्यावर कळला त्यापेक्षा तेव्हाच कळला, हे आमचे भाग्य. ‘गीतरामायण’ १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झाले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी उभी राहून तिने ते ऐकलेले. ती गाणी संध्याकाळी लावू लागलो. रोज जादू घडे असे नाही. काही दिवस ती नुसती खिडकीबाहेर बघत बसे. पण एखाद्या संध्याकाळी ओठ हलत, मांडीवर ताल सुरू होई आणि सगळे शब्द न चुकता येत. मध्येच सूर तुटला, की ‘पुढे काय?’ असे आता कोणी विचारत नसे. बाबा हलकेच पुढची ओळ उचलत.

सुरू तिने केलेले असायचे. पुरे आम्ही करायचो.