पाणी पानांना नको, मुळांना द्या

उन्हाळ्यात संध्याकाळी बंगल्यांच्या नि सोसायट्यांच्या आवारात कोणीतरी पाइप धरून कुंपणाच्या मेंदीवर फवारा मारताना हमखास दिसतं. पानं चकाकतात, मातीचा वास सुटतो, झाडांची तहान भागल्यासारखी वाटते. तिथंच खुरप्यानं चार बोटं माती उकरली, तर खाली ती बहुधा कोरडी निघते.

झाडाला खरोखर किती पाणी लागतं, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद कुंपण सहा चौरस मीटर जागा व्यापतं. पुण्यासारख्या हवेत मे महिन्यात हिरवळीच्या जमिनीतून दिवसाला सुमारे सहा मिलिमीटर पाणी उडून जातं. चांगली रुजलेली मेंदी, कोयनेल किंवा जास्वंद साधारण त्याच्या निम्म्यावर तग धरते. म्हणजे रोजचे १८ आणि आठवड्याचे १२६ लिटर. घरगुती पाइपमधून मात्र मिनिटाला १०-१२ लिटर पाणी सहज येतं. पंधरा मिनिटांच्या फवाऱ्यात दीडशे लिटरच्या वर, म्हणजे आठवड्याभराचं पाणी एकाच संध्याकाळी संपतं. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे, हे इथं लक्षात घ्यायला हवं.

यातलं बरंचसं पाणी पानांवरून उडतं नाहीतर फरशीवरून वाहून जातं. रोज वरवर भिजणाऱ्या मातीत मुळंही वरच्याच थरात पसरतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. कुंपणात झाडं दाटीनं लावलेली असतात, त्यामुळे त्या थरातल्या ओलाव्यासाठी त्यांच्यात चढाओढही मोठी. याउलट पाणी सावकाश, खोलवर आणि काही दिवसांच्या अंतरानं दिलं, तर मुळं ओलाव्यामागे खाली जातात.

अति पाणीही घातकच. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि मालक आणखी पाणी घालतो. म्हणून आधी वाफसा पाहावा. खुरप्यानं वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोकताच फुटला, तर ओल पुरेशी आहे. माती हाताला चिकटली तर पाणी जास्त झालंय. गोळाच झाला नाही, तर पाणी द्यायची वेळ आली. काळी माती ओल बरेच दिवस धरते, मुरमाड जमीन लवकर सुकते. एकच वेळापत्रक दोन्हीकडे चालत नाही.

कुंपण सरळ रेषेत असल्यानं ठिबक त्याला चपखल बसतं. दर ३० सेंटिमीटरवर ताशी दोन लिटरचा ड्रिपर असलेली दहा मीटर नळी तासाला सुमारे ६६ लिटर सोडते. आठवड्यातून दोनदा तासभर चालवली की वरचा हिशेब पुरा होतो. नव्यानं लावलेल्या रोपांना मात्र पहिला उन्हाळाभर थोडं थोडं पाणी वरचेवर द्यावं लागतं.

ठिबक नसेल तर मडकं आहे. दोन झाडांमध्ये बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकणी ठेवायची. भोवतालची माती कोरडी असते, तेव्हा ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती भिजली की ही ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात या पद्धतीची नोंद आहे.

बुंध्यापासून थोडं अंतर सोडून पाचोळ्याचा दोन-तीन इंची थर घातला, तर जमिनीतून उडणारं पाणी बरंच वाचतं. ऐन उन्हाळ्यात जोरात छाटणी टाळावी. कोवळी फूट आली की पाण्याची मागणी वाढते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी थेट बुंध्याशी घालता येतं. कपड्यांचं साबणी पाणी मात्र रोज नको. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते आणि पाणी मुरेनासं होतं.

या आठवड्यात एवढं तरी करा. वीस लिटरची बादली तुमच्या पाइपखाली किती सेकंदांत भरते, ते घड्याळ लावून पाहा. कुंपणाची लांबी-रुंदी मोजा, माती मुठीत दाबून बघा आणि मगच नळ सोडा. टाकीत उरलेलं पाणी घरातल्या माणसांच्या कामी येईल आणि कुंपणही हिरवंगार राहील.