संपलेल्या बॅटरीतला विस्तव

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारचा दवाखाना आटोपून मी घरी निघण्याच्या बेतात होतो. इतक्यात तालुक्यातल्याच एका खेड्यातून बाप-लेक मोटारसायकलवर आले. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. उजव्या हाताची तीन बोटे आणि तळवा भाजलेला, भुवया करपलेल्या, डोळ्यांतून सारखे पाणी वाहत होते. भाजलेल्या जागेवर टूथपेस्टचा जाड थर दिलेला. मुलगा काही बोलेना. वडीलच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माळवदावर बसून कसला तरी सेल फोडत होता म्हणे. आम्हीबी लहानपणी फोडायचो की. कधी काही झालं नाही."

वडिलांना बाहेर बसवल्यावर मुलाने खरे काय ते सांगितले. पुण्यात शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने त्याला दोन संपलेल्या ई-सिगारेटी दिल्या होत्या. आतला सेल काढून त्यावर छोटा दिवा लावायचा त्याचा बेत होता. त्याने पकडीने नळी दाबून उघडली. सेल निघेना म्हणून स्क्रू ड्रायव्हर खुपसला. आधी फुसफुस आवाज आला, मग पांढरा धूर आणि लगेच जाळ. "पण डॉक्टर, ती तर संपली होती," हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

वाचकहो, नाव-गाव वगळून ही हकिगत मी त्या दोघांच्या परवानगीने सांगत आहे. कारण वडिलांचे वाक्य आणि मुलाचे वाक्य, दोन्ही मी अनेक घरांत ऐकतो. दोन्हींत एकच गैरसमज आहे.

जुना सेल आणि नवा सेल

खरे सांगायचे तर लहानपणी मीही सेल फोडले आहेत. बॅटरीतले, म्हणजे टॉर्चमधले, सेल संपले की आधी दोन दिवस उन्हात ठेवायचे. तरीही दिवा लागला नाही तर दगडाने ठेचायचे आणि आतली काळी कांडी काढून भिंतीवर रेघोट्या ओढायच्या. हात काळे व्हायचे, आईचा मार बसायचा, एवढेच. त्या सेलमध्ये जस्ताचा डबा, कोळशाची कांडी, मँगनीजची काळी भुकटी आणि नवसागराचा ओला लगदा असे. ही काही खायची वस्तू नव्हे, पण ठेचली म्हणून ती पेट घेत नसे.

आजच्या मोबाईलमध्ये, पॉवर बँकमध्ये, हेडफोनमध्ये आणि ई-सिगारेटमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. वस्तू मोठी गुणाची, पण तिचा स्वभाव वेगळा. आत तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा असे दोन पातळ पत्रे असतात. त्यांच्यामध्ये केसापेक्षाही बारीक असा प्लास्टिकचा पडदा असतो. हे सगळे सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले आणि एका ज्वालाग्राही द्रवात भिजवलेले असते.

या सुरळीत सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर घुसला, अथवा ती पकडीत चेपली, की मधला पडदा फाटतो. दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात. उरलेली सगळी वीज क्षणात उष्णता बनून बाहेर पडते. त्या उष्णतेने शेजारचा पडदा वितळतो, उष्णता आणखी वाढते आणि काही सेकंदांत तापमान शेकडो अंशांवर जाते. एकदा सुरू झालेला हा प्रकार मध्येच थांबवता येत नाही.

'संपली' म्हणजे काय?

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. एकदाच वापरून फेकायच्या ई-सिगारेटमध्ये निकोटिनचा द्रव असतो. तो आटला की लोक ती संपली म्हणतात. पण आतल्या बॅटरीत तेव्हाही वीज शिल्लक असते. लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी अशा फेकलेल्या नळ्यांतील सेल तपासले, तेव्हा ते शेकडो वेळा पुन्हा चार्ज होऊ शकतात असे आढळले. मोबाईलचेही तसेच. पडदा काळा झाला म्हणजे बॅटरी रिकामी झाली असे नव्हे. यंत्र बंद पडते, पण बॅटरीत राखेखालच्या विस्तवासारखी वीज राहते.

आपल्या वाशी तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. तेरखेड्याचे फटाके दूरवर जातात. तिथला अनुभवी कारागीर न उडालेला फटाका कधी हातात घेऊन उकलत नाही. बंद पडलेल्या बॅटरीलाही तोच नियम लावावा.

हे सेल किती नुकसान करू शकतात याची उदाहरणे आहेत. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. ती बॅटरी मोठी होती हे खरे. पण अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये बोटाएवढ्या सेलच्या ई-सिगारेटी फुटून एकेक माणूस मरण पावला. आपल्याकडे ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही त्या चोरवाटेने येतात आणि लपवायच्या वस्तू असल्यामुळे मुले त्या एकांतात उघडतात.

धूर आणि द्रव यांचा धोका

जाळ दिसतो, पण धुराचा धोका दिसत नाही. या बॅटरीतल्या क्षाराचा उष्णतेशी आणि ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराईड नावाचा विषारी वायू तयार होतो. तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो. कातडीवर त्याचे आम्ल लागले तर जखम वरून किरकोळ दिसते, पण आम्ल आत उतरून शरीरातले कॅल्शियम पकडते आणि ठणका वाढत जातो. शिवाय नळीत उरलेला निकोटिनचा द्रव कातडीतूनही अंगात भिनतो. लहान मुलाच्या पोटात तो थोडा जरी गेला तरी उलट्या, लाळ, घाम, धडधड आणि झटके येऊ शकतात.

प्रथमोपचार

१) आधी माणसाला धुरापासून मोकळ्या हवेत न्यावे. पेटलेली बॅटरी हातात उचलू नये. लांबूनच वाळू किंवा भरपूर पाणी टाकावे. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती बरेच तास घराबाहेर मोकळ्या जागेतच राहू द्यावी.

२) अंगाला चिकटलेले बॅटरीचे तुकडे कोरड्या फडक्याने किंवा चिमट्याने काढावेत. अंगठी आणि घड्याळ लगेच उतरवावे. मग भाजलेला भाग किमान २० मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये.

३) डोळ्यांत धूर किंवा द्रव गेला असेल तर पापण्या उघड्या धरून २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे.

४) टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, तेल यांपैकी काहीही लावू नये. या मुलाची टूथपेस्ट काढतानाच त्याला सर्वांत जास्त वेदना झाल्या.

५) जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना "लिथियम बॅटरीने भाजले आहे" असे स्पष्ट सांगावे. आम्लाच्या जखमेवर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार असतो, पण कारण कळले तरच तो सुचतो. धूर छातीत गेला असेल तर दम लागण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मग या बॅटऱ्यांचे करायचे काय?

फुगलेली, चेपलेली किंवा बंद पडलेली बॅटरी उघडू नये, टोचू नये, उन्हात ठेवू नये आणि चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून डबा घराबाहेर, सावलीत आणि लेकरांच्या हाताला येणार नाही असा ठेवावा. घंटागाडीत द्यायची झाली तर वेगळी द्यावी आणि कामगाराला सांगून द्यावी. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली तर भाजणारा तो असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून मोबाईल दुकानदाराकडे त्याची चौकशी करायला संकोच करू नये.

पालकांना एक विनंती. मुलाच्या दप्तरात अशी नळी सापडली तर आधी मारझोड करू नका. माराला भिणारा मुलगा ती पुन्हा लपवेल. आधी वस्तू ताब्यात घ्या, मग शांतपणे बोला. हातात पक्कड घेऊन आत काय आहे ते पाहणारे मूल वाईट नसते. त्याची जिज्ञासा चांगली आहे. त्याला रेडिओ खोलू द्या, टॉर्च खोलू द्या, फक्त लिथियमची बॅटरी नको.

त्या मुलाचे डोळे धाराशिवच्या नेत्रतज्ज्ञांनी तपासले. दृष्टी शाबूत आहे. तळव्याची जखम भरत आली आहे, मात्र करंगळी अजून पूर्ण वळत नाही. चौथ्या ड्रेसिंगच्या वेळी वडील बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. घरातल्या खणांतून आणि फडताळांतून त्यांनी मोबाईलच्या सात जुन्या बॅटऱ्या शोधून काढल्या होत्या. त्यांतल्या दोन फुगलेल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, एवढ्या दिवस ह्या उशाला घेऊनच झोपत होतो," ते म्हणाले.

आपल्याही घरात असा एखादा खण असेल. आज रात्री झोपण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहा.