महासंगणकासमोरची रांग

मित्रांनो, होस्टेलमध्ये सकाळी बाथरूमसमोर लागते तशी रांग महासंगणकासमोरही लागते, असं म्हटलं तर हसाल. पण खरं आहे! (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे तांत्रिक शब्द इंग्रजीच येतील. सांभाळून घ्या.)

पुण्यात पाषाणला केंद्र सरकारची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप्सचा 'प्रत्यूष' आला आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्क'. म्हणजे ताकद जवळजवळ तिप्पट. मग रांग कशाला?

कारण कामही वाढतं. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं. मे २०२५ मध्ये आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये हा चौकोन १२ किलोमीटरवरून ६ वर आला. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, शिवाय गणितातली वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. ढोबळ हिशेबाने काम आठपट! मशीन मात्र तिप्पटच.

इथे व्यवस्थापन लागतं. अशा संगणकावर शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम असतो. प्रत्येकाने आधी सांगायचं, किती प्रोसेसर हवेत आणि किती तास. पहिला मान रोजच्या अंदाजाचा. पहाटे साडेपाचच्या नोंदी आल्या की ते काम थांबू शकत नाही. वादळाचा इशारा बरोबर असून उशिरा आला, तर समुद्रात गेलेल्या कोळ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून संशोधनाची कामं मागे थांबतात. मोठ्या कामासाठी प्रोसेसर मोकळे होईपर्यंत मधल्या फटीत शेड्युलर छोटी कामं बसवतो. म्हणून दोन तासांच्या कामाला बारा तास मागणारा स्वतःचाच नंबर घालवतो.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. सगळंच डिस्कवर ठेवणं परवडत नाही, जुना डेटा टेपवर जातो. आणि पुसायचं काय? मॉडेलचं उत्तर पुन्हा काढता येतं, पण कालचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही. म्हणून मूळ नोंदी कधीच पुसायच्या नाहीत.

आपल्या लॅबमध्येही प्रोजेक्टच्या दिवसांत हेच दोन नियम लावता येतील. वेळ खरी सांगा, आणि स्वतः घेतलेली रीडिंग्ज जपा. बाकी सगळं पुन्हा रन करता येतं!